लॅपटॉपला बोलून मराठी दावे लिहिताना: माइकची दुखणी आणि त्यावर लागू पडलेले उपाय

मनगट दुखायला लागलं आणि आमचे टायपिस्ट काका निवृत्त झाले, दोन्ही एकाच पावसाळ्यात. तेव्हापासून दावे, कैफियती, नोटिसा, मुदतीचे अर्ज असं सगळं मी लॅपटॉपला तोंडी सांगते. तालुक्याच्या कोर्टात दिवाणी काम करते, त्यामुळे मजकूर बहुतेक सगळा मराठी. काकांना सांगायची सवय होतीच, फक्त ऐकणारा बदलला.

सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. विंडोज ११ मध्ये विंडोजचं बटण आणि एच एकत्र दाबलं की बोलून टाइप करायची छोटी पट्टी उघडते. गूगल डॉक्समध्ये टूल्स मेन्यूत व्हॉइस टायपिंग आहे, नाहीतर कंट्रोल-शिफ्ट-एस. मराठी दोन्हीकडे चालते. गूगलने बोललेली मराठी ओळखायला २०१७ च्या ऑगस्टमध्येच सुरुवात केली होती, म्हणजे हे काही काल-परवाचं नाही. तरी बाररूममध्ये विषय काढला की दहातले आठ जण म्हणतात, "त्याला मराठी कळत नाही हो." माझं मत वेगळं आहे. मराठी त्याला बऱ्यापैकी कळते, आपला आवाज त्याच्यापर्यंत धड पोचत नाही.

लॅपटॉपचा स्वतःचा माइक म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूची टाचणीएवढी दोन भोकं. काही मॉडेलांत ती कीबोर्डजवळ असतात. तोंडापासून अंतर दीड-दोन फूट, वर पंखा, शिवाय लॅपटॉप तापला की त्याच्या आतला पंखा वेगळाच. व्हिडिओ कॉलला हा माइक पुरतो, कारण समोरचं माणूस अर्धवट ऐकलेलं मनात जुळवून घेतं. लिहून घेणाऱ्याला ती सवलत नाही. त्यातून मराठीत सगळा अर्थ शब्दाच्या शेपटीला, आणि आपण बोलताना नेमकी शेपटीच हळू टाकतो. "वादीने प्रतिवादीला रक्कम दिली" या वाक्यातला "ने" किंवा "ला" गळाला, तर पैसे कोणी कोणाला दिले इथपासून घोळ. "केली होती" चं "केली" झालं तर एक वेळ चालेल, पण प्रत्यय गेला तर दाव्याची बाजूच पालटते. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता छापील कागदावर आधी प्रत्यय तपासते, शुद्धलेखन मागाहून.

दुसरी गंमत म्हणजे त्या माइकला समोर बसलेला पक्षकारही ऐकू येतो. मी हकीकत सांगत असते आणि मध्येच खुर्चीतून आवाज येतो, "वकीलबाई, आसं न्हवतं झालं." तेही इमाने इतबारे दाव्यात उतरतं.

म्हणून काही बिघडलं की सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी विंडोजचा साउंड रेकॉर्डर उघडायचा, अर्धा मिनिट बोलायचं आणि स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकायचं. काहीच ऐकू आलं नाही, तर दुखणं एक. आवाज आला पण डब्यातून आल्यासारखा, तर दुसरं. आवाज स्वच्छ आणि तरी लिहिलं भलतंच, तर तिसरं. हे वेगळं न करता लोक सेटिंग खालीवर करत बसतात आणि सगळंच बिघडवून ठेवतात.

आवाजच येत नसेल तर आधी कीबोर्डची वरची रांग बघा. बऱ्याच लॅपटॉपांत माइक बंद करायचं वेगळं बटण असतं, त्यावर काट मारलेल्या माइकचं चित्र असतं आणि बंद असताना दिवा लागतो. फडक्याने कीबोर्ड पुसताना ते दाबलं जातं. मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात मायक्रोफोन. तिथे वरची परवानगी सगळे बघतात. खाली डेस्कटॉप ॲप्ससाठी वेगळी परवानगी आहे, ती राहून जाते. ब्राउझरची परवानगी तिसरी: पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करून त्या साइटला माइक दिलाय का ते पाहायचं. क्रोमच्या सेटिंगमध्ये कोणता माइक वापरायचा हेही वेगळं निवडता येतं. विंडोजमध्ये हेडसेट निवडलेला आणि क्रोम मात्र बाहेरून लावलेल्या वेबकॅमचा माइक धरून बसलेला, असंही होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर माझा माइक यादीतूनच नाहीसा झाला. रात्री अपडेट आलं होतं. सर्व्हिस सेंटरवर लॅपटॉप नेला तर तिथल्या मुलाने न उघडताच बोर्ड बदलावा लागेल म्हणून सांगितलं. आकडा ऐकून परत आणला. ज्युनिअरने डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ऑडिओच्या ड्रायव्हरवर (विंडोज आणि माइकची गाठ घालून देणारा छोटा प्रोग्रॅम) रोल बॅकचं बटण दाबलं, म्हणजे अपडेटच्या आधीचा ड्रायव्हर परत आणला, लॅपटॉप बंद करून चालू केला, माइक हजर. ते बटण फिकं असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर उतरवून घालायचा. कसल्या तरी "ड्रायव्हर अपडेटर" नावाच्या फुकट प्रोग्रॅमांच्या नादी लागू नका.

डब्यातल्या आवाजाचं मोठं कारण ब्लूटूथ. गाणी ऐकताना महागाचे इअरबड छान वाजतात, म्हणून त्यांचा माइकही छान असेल असं वाटतं. पण नेहमीच्या ब्लूटूथमध्ये माइक सुरू झाला की जोडणी गाण्यांच्या पद्धतीवरून फोनच्या पद्धतीवर जाते. जुन्या प्रकारात त्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, म्हणजे मोजमापं, घेतले जातात, सुधारित प्रकारात १६,०००. आठ हजारवाल्यात चार किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे आवाजातलं सगळं उंच पट्टीतलं, कापलं जातं, आणि स, श, फ यांची ओळख पटवणारा बराच भाग तिथेच वर असतो. "शेत" आणि "सेत" मधला फरक मग यंत्राने अंदाजाने लावायचा. त्याच इअरबडमध्ये त्या वेळी गाणंही रेडिओसारखं ऐकू येतं, त्यावरून ओळखता येईल.

वायरवाल्यांतही मेख आहे. आताच्या लॅपटॉपांना हेडफोन आणि माइक मिळून एकच भोक असतं, त्याला पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असलेला हेडसेट लागतो. कॅमेऱ्यासाठी मिळणाऱ्या कॉलर माइकच्या पिनेवर दोनच पट्ट्या असतात. तो थेट घातला तर चालत नाही, मधे अडॅप्टर लागतो. मी या भानगडीतून सुटायला यूएसबीचा साधा वायरवाला हेडसेट घेतला, हजार-दीड हजारातला. त्याचं आवाजाचं सर्किट त्याच्यातच असतं, त्यामुळे लॅपटॉपचा ड्रायव्हर रुसला तरी हा चालतो. माइक तोंडासमोर नाही, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं बाजूला. समोर धरला तर "प", "फ", "भ" ला फुंकर बसते. पक्षकार तेव्हापासून दाव्यात बोलायचे थांबले. एवढ्या एका खरेदीने जेवढा फरक पडला तेवढा बाकी सगळ्या सेटिंगांनी मिळून पडला नाही.

आवाजाची पातळी शंभरावर नेऊ नका, जोरात बोललं की फाटतो. माइकच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोन बूस्ट, म्हणजे आवाज आणखी वाढवायची सोय, दिसला तर तो शून्यावर किंवा फार तर दहा डेसिबलवर, कारण तो पंख्यालाही तितकाच मोठा करतो. ऑडिओ एन्हान्समेंट्स, म्हणजे आवाज आपोआप सुधारायचा पर्याय, मी बंद ठेवते. आवाज स्वच्छ करायच्या नादात माझ्या लॅपटॉपवर ते वाक्याचा पहिला शब्द खात होतं.

आता तिसरं दुखणं. विंडोजची पट्टी कीबोर्डच्या भाषेप्रमाणे ऐकते. कीबोर्ड इंग्रजीवर असेल आणि तुम्ही मराठी बोललात, तर ती तुमच्या मराठीतून इंग्रजी शब्द शोधून काढते, आणि कागदावर जे येतं ते न्यायाधीशांना दाखवण्यासारखं नसतं. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून आधी मराठी आणायची. गूगल डॉक्समध्ये भाषा माइकच्या चित्रावरच निवडता येते, पण दुसऱ्या टॅबमध्ये सातबारा बघायला गेलात की ऐकणं थांबतं. विरामचिन्हं तोंडाने सांगायची सोय तिथे इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशा मोजक्या भाषांना आहे, मराठीला नाही. मी प्रत्येक वाक्यानंतर एंटर मारते आणि पूर्णविराम, स्वल्पविराम, परिच्छेद शेवटी हाताने करते. विंडोजच्या पट्टीत आपोआप विरामचिन्हं द्यायचा पर्याय आहे, तोही मी बंद ठेवलाय. आमच्या कोर्टातली वाक्यं पाऊण पानाची असतात, मधे पूर्णविराम पडला तर मागणीच अर्धी तुटायची.

हकीकतीचा भाग, म्हणजे कधी काय घडलं, कोणी काय कबूल केलं, हे बोलून फार सुरेख उतरतं. "सदरहू", "मौजे", "वहिवाट", "खातेफोड" हे शब्द अडत नाहीत. अडतात ते आकडे आणि आडनावं. गट नंबर, पोटहिस्सा, क्षेत्र आर आणि चौरस मीटरमध्ये, चतुःसीमा हे मी सांगतच नाही. तिथे कंस टाकून पुढे जाते आणि सातबारा समोर ठेवून हाताने भरते. आडनावांऐवजी "वादी क्रमांक एक" असं म्हणायचं आणि नंतर शोधून बदलायचं. शिवाय बोलताना "केलं", "दिलं" येतंच. दाव्यात "केले", "दिले" हवं. त्याची बदलाबदल सरसकट करू नका, नको तिथेही मात्रा चढते.

काकांच्या जुन्या फाइली श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये आहेत आणि बोलून येतं ते युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत. जुना नमुना उघडून त्यात बोलत गेलं की अर्धा मजकूर खुणांचा दिसतो. आधी जुनं रूपांतर करून घ्या, मगच त्यावर काम.

एक गोष्ट वकील, डॉक्टर, सीए मंडळींसाठी. विंडोजची ही पट्टी आणि डॉक्सचं व्हॉइस टायपिंग, दोन्ही इंटरनेटवर चालतात, म्हणजे तुमचं बोलणं बाहेरच्या सर्व्हरवर जातं. इंटरनेट न लावता चालणारा पर्याय म्हणून ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर नावाचं सॉफ्टवेअर ज्युनिअरने घालून दिलं. ते बोलता बोलता लिहीत नाही, रेकॉर्डिंग दिलं की मजकूर देतं. त्याच्या लहान-मोठ्या आवृत्त्या असतात, त्यांना मॉडेल म्हणतात. छोटं मॉडेल माझ्या लॅपटॉपवर चालतं पण मराठी फार चुकवतं, आणि मोठ्याला साधारण दहा जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते माझ्याकडे नाही. त्यामुळे घटस्फोट, पोटगी आणि बाललैंगिक अत्याचाराचे कागद अजून हातानेच होतात, मनगटाला पट्टा बांधून, नाहीतर ज्युनिअरला समोर बसवून.