विक्री दुसऱ्यावर सोपवताना गंडा नेमका कुठे बसतो

एकट्याने सल्लागारीचा व्यवसाय करणाऱ्यांना काम करता येतं, पण काम मिळवणं नकोसं वाटतं. हे हेरूनच ‘विक्री आमच्यावर सोडा’ म्हणणारी माणसं गाठतात. दरमहा मानधन आणि वर कमिशन, अशी मागणी असते.

सुरुवातीचे काही महिने नुसता तक्ता येतो. कंपन्यांची नावं, समोर ‘चर्चा सुरू’, ‘पुढच्या महिन्यात निर्णय’. नावं खरी असतात, चर्चा झालेलीच नसते. तक्त्यातली कोणतीही एक ओळ निवडा आणि त्या कंपनीशी झालेला पत्रव्यवहार उघडून बघा. त्यासाठी मेलबॉक्स तुमच्या डोमेनवरचा आणि तुमच्या ताब्यात हवा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, तो कुणीही बनवतो. प्रत्येक भेटीमागे विक्रेत्याला पैसे ठरले असतील तर खर्चाचा अधिकार नसलेली माणसं समोर बसवली जातात. म्हणून सही कोण करणार, हे भेटीआधीच विचारा.

सगळ्यात मोठा फटका कमिशनच्या एका ओळीत असतो. करारात ‘एकूण किमतीच्या 15 टक्के, सही होताच’ असं असेल तर हिशेब करून बघा. कामाची किंमत 100, आगाऊ मिळाले 30, त्यातले 15 लगेच विक्रेत्याला गेले. त्याने क्लायंटला तुम्हाला न झेपणारी मुदत कबूल केलेली असते, काम अर्ध्यात मोडतं, उरलेले 70 कधीच येत नाहीत. त्याचं मात्र पूर्ण वसूल झालेलं असतं. कमिशन हातात पडलेल्या रकमेवरच, प्रत्येक हप्त्यागणिक द्या. कर वगळून, आणि परतावा द्यावा लागला तर त्या प्रमाणात वजा करून. कामाची व्याप्ती, किंमत, मुदत यांवर तुमच्या लेखी होकाराशिवाय विक्रेत्याने क्लायंटला शब्द द्यायचा नाही, हेही करारात हवं.

दुसरं कलम दिसायला निरुपद्रवी असतं: ‘करार संपल्यावरही यादीतल्या ग्राहकांवर कमिशन लागू.’ मग विक्रेता निघताना दोनशे नावांची यादी तुमच्या हातात पडते, त्यात तुमचे जुने क्लायंटही असतात. हा सरळसरळ लुटीचा प्रकार आहे. जुन्या ग्राहकांची यादी पहिल्याच दिवशी कराराला जोडा. नंतरचा हक्क, ज्यांच्याशी लेखी बोलणं झालंय अशाच नावांवर आणि 90 दिवसांपुरता ठेवा.

बिल तुमच्या नावाने, पैसे तुमच्याच खात्यात. ‘क्लायंटचा माझ्यावर विश्वास आहे, माझ्या खात्यावर घेतो’ हे ऐकलं की बोलणी तिथेच थांबवा.

पैसे परस्पर विक्रेत्याकडे गेल्याची शंका आली तर आधी पासवर्ड बदला आणि मेलबॉक्सची प्रत काढा. त्याच दिवशी प्रत्येक क्लायंटला लेखी कळवा की या व्यक्तीला आमच्या वतीने रक्कम घेण्याचा अधिकार नाही, आणि आजवर दिलेल्या रकमांच्या पावत्या मागवा. त्याच्याशी बोलणं त्यानंतर.