स्टील फायबरचं फ्लोअर फोडून घेतलं : मोबाइल क्रशिंग सेवेचा माझा अनुभव

गोदामाचं १२०० चौरस मीटरचं फ्लोअर तोडायचं होतं. जाडी १५० मिलिमीटर, आत सळई नाही, सगळी भिस्त स्टीलच्या फायबरवर, म्हणजे काँक्रीटमध्येच मिसळलेल्या छोट्या तारांवर. जुन्या कागदांत डोस सापडला: घनमीटरला ३० किलो. म्हणजे १८० घनमीटर काँक्रीट आणि त्यात ५४०० किलो तारा. वजनानं जेमतेम सव्वा टक्का, पण तेवढ्यासाठीच काँक्रीट भरडून देणाऱ्या दोन क्रशरवाल्यांनी फोटो बघून नकार दिला. त्यांचंही बरोबर आहे. सळई ब्रेकर लागला की उघडी पडते, कापून बाजूला काढता येते. फायबर मात्र राडारोड्याच्या प्रत्येक तुकड्यात असतो आणि थेट क्रशरच्या माल वाहणाऱ्या पट्ट्यापर्यंत येतो.

तिसरे क्रशरवाले मशीन घेऊन साइटवर यायला तयार झाले. हा रिव्ह्यू त्यांच्या कामाचा.

पहिली गोष्ट मनापासून आवडली. दर सांगायच्या आधी त्यांच्या माणसानं फ्लोअरचा एक तुकडा मागितला आणि हातोड्यानं फोडून बघितला. आमची तार ६० मिलिमीटर लांब, दोन्ही टोकांना आकडे. तुकड्याला तडे गेले, पण दोन भाग तारांवर लोंबकळत राहिले. ते बघून तो म्हणाला, नुसत्या जॉ क्रशरनं (जबड्यात दाबून फोडणाऱ्या मशीननं) भागणार नाही, मागे इम्पॅक्टर (फिरत्या दांड्यांनी मारा करणारं मशीन) लावावा लागेल. तेच खरं निघालं. जॉमधून आलेल्या ढेकळांतून तारा दाढीच्या खुंटासारख्या बाहेर आलेल्या असायच्या. इम्पॅक्टरच्या माराखाली सिमेंट-वाळूचा मसाला फुटून गळायचा आणि तार मोकळी व्हायची.

पट्ट्यावरच्या लोहचुंबकानं पहिल्या फेरीत ७३०० किलो माल उचलला. मूळ तारांपेक्षा जास्त कसा? कारण प्रत्येक तारेला मसाल्याचे गोळे चिकटलेले. मी मूठभर तारा उचलून बघितल्या. निम्म्यांचे आकडे सरळ झालेले, काही मधोमध वाकलेल्या, आणि टोकाला हरभऱ्याएवढा राखाडी खडा घट्ट बसलेला. तो ढीग त्यांनी न सांगता पुन्हा इम्पॅक्टरमधून काढला, तेव्हा वजन ४६०० किलो भरलं. हा आकडा मला चांगला वाटतो.

उरलेल्या तारा कुठे गेल्या, ही माझी तक्रार. ६० मिलिमीटरची तार उभी राहिली की १० मिलिमीटरच्या चाळणीतून सहज आरपार जाते. बारीक मालाच्या ढिगात मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवलं आणि पिशवीवर तारांचा झुपका आला. हा माल रस्त्याखाली भरला तर आज ना उद्या टायरमध्ये किंवा कुणाच्या तरी पायात जाणार. बारीक मालाच्या पट्ट्यावर दुसरं चुंबक त्यांनी लावलंच नव्हतं. मी सांगितल्यावर लावलं, माल परत फिरवला, वाद घातला नाही. पण हे गिऱ्हाइकानं सांगायला लागू नये. दुसऱ्या दिवशी तार घुसून पट्टा हातभर फाटला, अर्धा दिवस गेला. त्याबद्दल राग नाही, या मालात हे होतं.

त्यांच्या माहितीपत्रकात 'काढलेले फायबर नव्या काँक्रीटमध्ये वापरा' असं छापलंय. मी वापरले नाहीत. आकडा सरळ झालेली तार काँक्रीटमध्ये पूर्वीसारखी पकड घेत नाही. ईएन १४६५१ या युरोपीय मानकासारखी खाच पाडलेल्या बीमची चाचणी केल्याशिवाय तडा गेल्यावर किती ताकद उरते ते कळत नाही, आणि असा एकही रिपोर्ट त्यांच्याकडे नव्हता. तारा भट्टीसाठी भंगारात दिल्या. तिथे त्यांचं पुन्हा पोलाद होतं. प्रयोगशाळेत पाण्याखाली उच्च दाबाच्या विजेचे झटके देऊन काँक्रीट फोडतात, तेव्हा तडे खडी आणि मसाल्याच्या सांध्यावरून जातात आणि तारा बऱ्याच स्वच्छ निघतात. ते तंत्र साइटवर येईल त्या दिवसाची मी खरंच वाट बघतेय.

खडीबद्दल थोडक्यात: भरडून निघालेल्या २० मिलिमीटरच्या खडीचं पाणी शोषण ५.२ टक्के आलं, आमच्या नव्या खडीचं १.१ आहे. चिकटलेला जुना मसाला पाणी पितो. आधी भिजवून ती नव्या फ्लोअरखालच्या पीसीसीत, म्हणजे सळई नसलेल्या साध्या काँक्रीटच्या थरात वापरली, कुरबूर नाही.

रॅम्पच्या काँक्रीटमध्ये पॉलिप्रोपिलीनचा, म्हणजे प्लॅस्टिकचा फायबर होता. तिथे चुंबकाचा उपयोग शून्य, आणि त्यांच्याकडे फक्त हवेचा ब्लोअर. हे त्यांनी आधीच मोकळेपणानं सांगितलं होतं. ब्लोअरनं उडवलेला कापूस जाळीवर, धुळीत, सगळीकडे. बारीक मालाची मूठ बादलीत टाकली तर पांढरे केस वर आले आणि तरंगत राहिले. हे प्लॅस्टिक पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाण्याच्या टाकीत वेगळं करता येतं. ढीग उघडा राहिला तर मात्र पहिल्याच पावसात ते नाल्यात जाईल. आम्ही ताडपत्री टाकली आणि टाकी असलेल्या दुसऱ्या ठिकाणी तो माल पाठवला.

स्टील फायबरचं काम पुन्हा निघालं तर यांनाच बोलावीन, दुसऱ्या चुंबकाची अट वर्क ऑर्डरमध्ये लिहून. पॉलिप्रोपिलीनचं देणार नाही. जाताना त्यांच्या ऑपरेटरनं आमच्या जुन्या कागदांची प्रत मागून घेतली. डोस आधीपासून माहीत असलेलं हे त्याचं पहिलंच फ्लोअर होतं. नव्या फ्लोअरच्या ड्रॉइंगवर फायबरचा प्रकार, लांबी आणि डोस मी त्याच दिवशी लिहून टाकला.