मुठेल महिनाभर लावून बघितलं, टाचांचा रिव्ह्यू

यंदा थंडी सुरू झाली आणि माझ्या टाचा इतक्या फुटल्या की रात्री पांघरुणाचे धागे अडकायचे भेगांत. मेडिकलमधल्या दोन-तीन ट्यूब संपवल्या, काही फरक नाही, मग आई म्हणाली अगं मुठेल आण की कुठून तरी, आणि मला एकदम आजोळच्या फळीवरची ती करवंटी आठवली. डिसेंबरमध्ये लग्नाला कुडाळला गेलो तेव्हा बाजारात बचत गटाच्या टेबलावर सापडलं. सोलं, आगळ, कुळथाचं पीठ सगळं पुढे मांडलेलं आणि हे बिचारं कोपऱ्यात, पेपरात गुंडाळलेले अंड्याएवढे गोळे. 60 रुपयाला एक. दोन घेतले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे कोकमाच्या बियांचं तेल. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीची सोलं होतात, रसाचं आगळ होतं, आणि बियांचा ढीग उरतो तो बऱ्याच घरी सरळ परसात फेकला जातो. खरं तर त्या बियांत वजनाच्या साधारण पाव भाग तेल असतं! पण रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये, पाऊस डोक्यावर, सोलं वाळवायलाच ऊन पुरत नाही तिथे बियांकडे कोण बघतंय. ज्या बायका बघतात त्या बिया धुवून खडखडीत वाळवून ठेवतात, मग सवडीने कुटून पाण्यात उकळायच्या, वर तेल तरंगतं ते काढून घ्यायचं, गार झालं की थिजतं, ते मुठीत दाबून गोळा करायचा. म्हणून मुठेल, असं आई सांगते. गोव्यात भिरंडेल म्हणतात.

आता वापर. पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून गोळाच टाचेवर घासला, काही होत नाही, मेणबत्ती घासल्यासारखं. हे 40 डिग्रीच्या आसपास वितळतं त्यामुळे पुण्याच्या थंडीत दगड. विकणाऱ्या मावशींनी सांगितलंही होतं, वितळवून लाव गो बाय, पण ऐकतंय कोण. तर सुरीने तुकडा काढायचा, पळीत घालून मंद गॅसवर धरायचा, पाय गरम पाण्यात बुडवून कोरडे करायचे आणि कोमट तेल भेगेत सोडायचं. दोन मिनिटांत भेगेतच थिजतं, अगदी लांबी भरल्यासारखं. वरून जुने मोजे घाला, नाहीतर माझ्यासारखे बाथरूमच्या दारात घसराल.

चौथ्या दिवशी ठणका गेला. पंधरा दिवसांत बारीक भेगा भरल्या, उजव्या टाचेची खोल होती तिला पूर्ण महिना लागला. ओठांनाही लावते आता, मस्त.

नावं ठेवायची तर वास. घाण नाही पण आंबूस-धुरकट आहे, नवऱ्याने पहिल्या रात्री विचारलं काय करपलंय. माझ्या गोळ्यात काळे कणही होते, गाळताना घाई झाली असणार. मोजे, चादर सगळ्याला डाग. आणि पेपरावर ना तारीख ना गटाचं नाव, मग परत मागवायचं कुणाकडून?

मधे बहिणीने ऑनलाइन 'कोकम बटर'ची डबी मागवली होती, 100 ग्रॅम साडेचारशे रुपये. पांढरंशुभ्र, बिनवासाचं, दिसायला झकास, पण बोट घातलं की व्हॅसलीनसारखं मऊ, तेव्हाच शंका आली कारण नुसतं कोकम तेल थंडीत असं मऊ राहूच शकत नाही. मागचं बारीक अक्षर वाचलं तर आधी दुसरी दोन तेलं आणि कोकम तिसरं. तिच्या टाचा आहेत तशाच. एक गोळा तिने पळवलाय.

बाकी हे तेल फक्त पायाचं नाही हं. युरोपात चॉकलेटमध्ये कोकोबटरशिवाय 5 टक्क्यांपर्यंत जी सहा तेलं चालतात त्यात कोकमाचंही आहे, आंब्याच्या कोयीचंही. आणि आपण दोन्ही उकिरड्यावर टाकतो.

5 पैकी साडेचार, अर्धा कापला तो त्या पेपरासाठी. शिमग्याला कोण कुडाळकडे जाणार असेल तर माझ्यासाठी चार गोळे आणा प्लीज, पैसे आधी पाठवते.