नव्या टायमिंग बेल्टची पावती आणि झाकून ठेवलेला बिघाड

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी इंग्लंडमध्ये १९९० सालची माझदा एमएक्स-५ ही उघड्या टपाची दोन आसनी गाडी ३,४०० पौंडांना विकत घेतली. जाहिरातीत सगळ्यात वर लिहिले होते की टायमिंग बेल्ट आणि क्रँकचे पुढचे ऑइल सील नुकतेच बदलले असून त्याची पावती सोबत मिळेल. (क्रँक म्हणजे पिस्टनांनी फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट; टायमिंग बेल्ट हा त्याच्याबरोबर व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा.) त्या एका ओळीवर मी विश्वास टाकला आणि माझी फसवणूक नेमकी त्याच ओळीने झाली. या पिढीच्या एमएक्स-५ ब्रिटनमध्ये अजूनही पुष्कळ विकल्या जातात, ऊन पडू लागले की त्यांना मागणी वाढते, आणि माझ्या ओळखीतल्या दोन मराठी कुटुंबांनी तशीच गाडी घेण्याचा विचार बोलून दाखवला आहे, म्हणून जे घडले ते सविस्तर लिहीत आहे.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षे लेथवर काम करत होते. सुट्टीत मी त्यांच्या शेजारी उभा राहून शाफ्ट आणि पुल्या तयार होताना पाहिल्या आहेत, त्यामुळे हाताने दुरुस्त करता येईल अशी साधी, प्रामाणिक यंत्ररचनेची गाडी आपल्याकडे असावी ही इच्छा जुनी होती. एमएक्स-५ तशीच आहे. पहिल्या गाड्यांत १५९७ सीसीचे, दोन कॅमशाफ्टचे चार सिलिंडरचे इंजिन असते, चालना मागच्या चाकांना असते, आणि बॉनेट उघडले की बहुतेक भाग डोळ्यांना दिसतात आणि हाताला लागतात.

विक्रेता म्हणाला की घर गल्लीत आहे, तिथे गाडी वळवणे अवघड जाते, म्हणून आपण मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर भेटू. मी ते मान्य केले. गाडीच्या नोंदणीपुस्तकावर त्याचे नाव नव्हते. विचारल्यावर गाडी मेहुण्याची असल्याचे त्याने सांगितले, आणि मी तेही मान्य केले. मी पोहोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होते. अर्धा तास चालवून पाहताना गाडी सरळ गेली, ब्रेक चांगले लागले, गिअर सहज पडले. पावतीवर बेल्ट, ऑइल सील आणि मजुरी अशा तीन ओळी होत्या. त्याने आपल्या पावतीवर ‘आहे त्या स्थितीत विकली’ असे लिहून माझी सही घेतली आणि पैसे बँकेतून लगेच वळते करून घेतले.

पहिल्या दोन आठवड्यांतच इंजिन बदलत गेले. कमी वेगात ओढ नाहीशी झाली, चढावर दुसऱ्या गिअरमध्येही गाडी जड वाटू लागली, आणि सकाळी सुरू झाल्यावर पुढच्या बाजूने एक मंद, अनियमित ठोका ऐकू येऊ लागला. मी प्लग आणि त्यांच्या वायरी बदलल्या, एअर फिल्टर बदलला. काही उपयोग झाला नाही. शेवटी वडिलांना फोन करून सगळी लक्षणे सांगितली. त्यांनी ही गाडी कधी पाहिलेली नाही, पण त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “पहिला पिस्टन पुरता वर आला की पुलीवरची खूण जिथं यायला पाहिजे तिथं येते का बघितलंस?”

मी ते पाहिले नव्हते. त्या शनिवारी पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून आत एक लांब लाकडी काडी सोडली आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवत पिस्टनचे सर्वांत वरचे स्थान शोधले. पिस्टन वर होता, आणि पुलीवरची खूण शून्यापासून स्पष्टपणे दूर होती. पिस्टन क्रँकशाफ्टला जोडलेला असतो आणि खूण पुलीवर असते. दोघांत फरक पडला याचा अर्थ पुली आपल्या शाफ्टवर फिरली आहे एवढाच होतो. मी वडिलांना फोटो पाठवले. ते म्हणाले, “की-वे खाल्लाय बाळ. आता सुरू करू नकोस, टो करून ने.” की-वे म्हणजे शाफ्टवरची खाच; तिच्यात ‘की’ नावाची धातूची लहान पट्टी बसते.

पुढे जे कळले ते या गाड्या जाणणाऱ्या मेकॅनिकांना चांगले ठाऊक आहे, पण नव्या खरेदीदाराला ते कोणी सांगत नाही. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या एमएक्स-५ मध्ये क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड असते. त्यावर टायमिंग बेल्टचे दातेरी चाक आणि त्यापुढे पुलीचा भाग बसतो, दोघांची दिशा एका लहानशा कीने ठरते आणि मधला एक मोठा बोल्ट सगळे आवळून धरतो. की फक्त जागा दाखवण्यासाठी असते. सगळा भार बोल्टच्या आवळणीने आलेल्या घर्षणावर चालतो. आखूड टोकासाठी ही आवळणी ८० ते ८७ फूट-पौंड सांगितलेली आहे. ती कमी राहिली किंवा बसणारे पृष्ठभाग स्वच्छ न करता चाक पुन्हा चढवले, तर चाक इंजिनच्या प्रत्येक धक्क्याबरोबर केसभर मागे-पुढे होते, त्याचा मार कीवर बसतो, की-वेच्या कडा झिजून खाच रुंद होत जाते, आणि एकदा प्ले, म्हणजे सैलपणा, आला की तो वाढतच जातो. १९९१ च्या मध्यापासून हे टोक लांब आणि भक्कम करण्यात आले आणि बोल्टची आवळणीही ११६ ते १२३ फूट-पौंडांवर नेण्यात आली. आखूड टोकाची हजारो इंजिने नीट हाताळल्यामुळे आजही उत्तम चालतात, त्यामुळे हे टोक आखूड आहे एवढ्यावरून गाडी वाईट ठरत नाही.

म्हणूनच ती पावती मला आता वेगळी दिसते. पुढचे ऑइल सील बदलायचे तर हा बोल्ट सोडवावाच लागतो. याचा अर्थ, ज्या कामाचा दाखला देऊन मला निश्चिंत केले गेले, त्याच कामात इंजिनचा सर्वांत नाजूक सांधा उघडला गेला होता आणि निष्काळजीपणे बंद केला गेला होता. बेल्ट खरोखर नवा होता, सीलही नवे होते, पण बोल्ट कोणी, कशाने आणि किती आवळला हे कोणत्याच पावतीवर नसते.

एवढेच असते तर मी याला वाईट कारागिरी म्हटले असते, फसवणूक म्हटले नसते. टो करून नेलेल्या गॅरेजमधल्या अनुभवी मेकॅनिकने मला इंजिनच्या मागच्या टोकाला असलेला सेन्सर दाखवला. कॅमशाफ्टवरून फिरणारा हा सेन्सर ठिणगी कधी पडायची ते संगणकाला कळवतो, आणि त्याचा बोल्ट सैल करून तो थोडा इकडेतिकडे फिरवता येतो. माझ्या गाडीत तो त्याच्या खाचेच्या एका टोकापर्यंत ओढून घट्ट केलेला होता, आणि बोल्टखालच्या जुन्या वॉशरची स्वच्छ गोल खूण मूळ जागेवर तशीच दिसत होती. पुलीबरोबर दातेरी चाक मागे राहिले की कॅमशाफ्ट उशिरा फिरतात आणि ठिणगीही उशिरा पडते. सेन्सर पुढे ओढला की ठिणगी पुन्हा वेळेवर येते आणि गाडी काही दिवस बरी चालते, पण व्हॉल्व्ह मात्र उशिराच उघडत राहतात. हे ज्याने केले त्याला बिघाड माहीत होता. माझ्या येण्याआधी इंजिन गरम करून ठेवण्याचे कारणही मला तेव्हा उमगले. कॅम कव्हरच्या कडेला सिलिकॉन सीलंटचे जाड थर आणि रेडिएटरमध्ये गळती बुजवणारे तपकिरी मिश्रण सापडले ते वेगळे.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. इंजिन उतरवून पूर्ण खोलणे आणि क्रँकशाफ्ट बदलणे हा खरा, पण गाडीच्या किमतीशी स्पर्धा करणारा मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे झिजलेला की-वे स्वच्छ करून नवी की, नवे दातेरी चाक, नवा पुलीचा भाग आणि नवा बोल्ट लावताना मधली पोकळी लॉकटाइट ६६० या धातूची पोकळी भरून घट्ट होणाऱ्या द्रव्याने भरणे आणि ते पूर्ण वाळू देणे. माझ्या की-वेची एक बाजू अजून शाबूत होती, म्हणून मेकॅनिकने दुसरा मार्ग सुचवला, आणि तो किती काळ टिकेल याची हमी देता येणार नाही हेही आधीच स्पष्ट सांगितले. सगळे मिळून ६९० पौंड लागले. एक गोष्ट मात्र सुदैवाची होती: या इंजिनात टायमिंग पूर्ण घसरले तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत, नाहीतर वरचे हेडही गेले असते.

पैसे परत मिळवण्याचा माझा प्रयत्न पत्त्यापाशी अडला. इंग्लंडमध्ये खासगी विक्रेत्याकडून घेतलेली गाडी वर्णनाप्रमाणे असावी लागते, आणि ‘आहे त्या स्थितीत’ असे लिहून घेतल्याने खोट्या सांगण्याची जबाबदारी संपत नाही. १०,००० पौंडांपर्यंतचा दावा लहान दाव्यांच्या प्रक्रियेत लावता येतो. विक्रेता व्यापारी असता तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने मला पहिल्या ३० दिवसांत सदोष गाडी परत करता आली असती. मात्र दावा कोणावर लावायचा? पावतीवरचा पत्ता अस्तित्वात नव्हता, फोन बंद झाला होता, आणि नोंदणीपुस्तकावर ज्यांचे नाव होते त्यांनी पत्राला उत्तर देऊन कळवले की त्यांनी गाडी सात आठवडे आधीच एका फोनवर भेटलेल्या माणसाला विकली होती, आणि ती तेव्हा ‘ओढत नव्हती’ म्हणूनच विकली होती. मेहुणा कोणी नव्हताच. नफ्यासाठी गाड्या घेऊन विकणाऱ्याने आपण खासगी विक्रेता असल्याचे भासवणे इथे गुन्हा आहे, म्हणून मी सिटिझन्स ॲडव्हाइसच्या ग्राहक सेवेमार्फत सगळी माहिती संबंधित अधिकाऱ्यांकडे पोहोचवली आहे.

सरकारी संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकला की एमओटीचा, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे का हे पाहणाऱ्या वार्षिक तपासणीचा, इतिहास विनामूल्य दिसतो. मी तो पाहिला होता, पण फक्त गंज शोधण्यासाठी. ती तपासणी इंजिन उघडून होत नाही, तेव्हा की-वेबद्दल तिथे काही मिळणारच नव्हते. पण शेवटच्या दोन तपासण्यांमध्ये गाडी जेमतेम १४० मैल चालली होती, आणि त्याबद्दल मी एकही प्रश्न विचारला नाही.

१९९० किंवा १९९१ ची एमएक्स-५ पाहायला जाणार असाल तर टॉर्च घेऊन जा आणि इंजिन थंड असतानाच पाहण्याचा आग्रह धरा. खालच्या पुलीच्या मधल्या बोल्टभोवती चार खाचा असतील तर टोक आखूड आहे, आठ असतील तर लांब. इंजिन मंद चालू ठेवून त्या मधल्या बोल्टकडे पाहत राहा. पुलीची बाहेरची पत्र्याची कडा किंचित डोलली तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, पण मधला भाग डगमगत असेल तर बोलणी तिथेच थांबवा. मागचा सेन्सर त्याच्या खाचेच्या टोकाला गेला आहे का ते बघा. बेल्ट बदलला असे सांगितले तर बदलणाऱ्या गॅरेजला स्वतः फोन करून बोल्ट नवा घातला का आणि टॉर्क रेंचने, म्हणजे आवळणीचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळला का हे विचारा. विक्रेत्याला त्याच्या नोंदणीपुस्तकावरच्या पत्त्यावर, त्याच्या दाराशीच भेटा.

दुरुस्तीनंतर माझी गाडी २,१०० मैल चालली आहे आणि पिस्टन वर असताना खूण शून्यावर येते. दर ५०० मैलांनी मी ती काडी घालून पाहतो. मागच्या महिन्यात एका विक्रीस्थळावर निळ्या रंगाच्या १९९० च्या एमएक्स-५ ची जाहिरात दिसली. फोन क्रमांक वेगळा होता, पण भेटीची जागा तेच वाहनतळ होते आणि पहिली ओळ शब्दशः तीच होती: टायमिंग बेल्ट आणि क्रँकचे पुढचे सील नुकतेच बदलले आहे, पावती सोबत मिळेल.