फेंडर फ्लेअर: डबल टेपचे की स्क्रूचे?

फॉर्च्युनरला फ्लेअर, म्हणजे चाकांवरच्या कमानीला बाहेरून बसवायच्या रुंद पट्ट्या, लावायचे ठरलंच असेल तर मटेरियलवर फार घोळ घालू नका. एबीएस प्लास्टिकचे, काळे, खरखरीत घ्या आणि मोकळे व्हा. फायबरचे दिसतात छान, पण जांभ्याचा खडा उडाला की टवका निघतो. डोकं चालवायचं ते बसवण्यात.

माझ्या आधीच्या गाडीला टेपवाले होते, आताच्या गाडीला स्क्रूवाले आहेत. गाव गुहागर, त्यामुळे खारी हवा, तांबडा चिखल आणि धोपावे-दाभोळ फेरीबोट दोघींच्याही वाट्याला आली.

टेपने पत्र्याला भोक पडत नाही, आणि समुद्राकाठी ही लहान गोष्ट नव्हे. पुढचा फेंडर बोल्टवर असतो, सडला तर बदलता येतो. मागचा क्वार्टर पॅनेल, म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा, मात्र बॉडीला वेल्ड केलेला. तिथे गंज धरला की कापाकापी आली. टेप सुटते म्हणतात, माझी तरी सुटली नाही. पत्रा आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसायचा आणि नंतर 72 तास गाडीला पाणी लावायचं नाही, पकड पूर्ण यायला तेवढे लागतातच. म्हणजे काम मे महिन्यात उरकलेलं बरं.

मग टेप सोडली का? ओघळांमुळे. गाडी पांढरी. सकाळी घासूनपुसून लख्ख करावी आणि जेवून बाहेर यावं, तर फ्लेअरच्या टोकातून मागच्या दाराच्या कोपऱ्यावर विटकरी रंगाची रेघ उतरलेली. पुसली की थोड्या वेळाने दुसरी. पावसाळाभर आत जाऊन बसलेली माती ती. पाइप मारला तर जास्तच येते, आणि टूथब्रशसुद्धा त्या फटीत शिरत नाही. काढून धुवावं म्हटलं तर हीट गन आणि नवी टेप.

स्क्रूवाले दसऱ्याच्या आसपास सरळ उतरवतो. आतून वाळलेल्या मातीची खापरं निघतात, खालचा रंग डोळ्यांनी बघता येतो, पुन्हा चढवले की झालं. पाकिटातले लोखंडी स्क्रू मात्र वापरू नका, स्टेनलेस स्टीलचे आणा. बीडिंगखाली, म्हणजे फ्लेअरच्या कडेच्या रबरी पट्टीखाली, रेती घासून रंग थोडा मंद होतो, माझ्याही गाडीचा झालाय. पण तो फ्लेअरखालीच, त्यामुळे मी फार मनावर घेत नाही.

हे सगळं इनर लायनरची (चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं आवरण) मूळ भोकं वापरणाऱ्या सेटबद्दल. क्वार्टर पॅनेलला नवीन ड्रिल मारावं लागत असेल, तर फिटर झिंक प्रायमरच्या कितीही शपथा घेवो, टेपच बरी. आणि फ्लेअर आले म्हणून टायर रुंद करायचा मोह झालाच, तर आधी आरटीओत विचारा. आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला चालत नाही.

गाडी मुंबईत राहून गणपती-शिमग्यालाच गावी येत असेल, तर टेप पुरे होईल कदाचित. बारा महिने इथेच असेल तर मी स्क्रूच म्हणेन. फक्त पैसे देण्याआधी चाक काढायला लावून भोकं कुठली वापरणार ते बघून घ्या.