वायफायचे सुटे कॅमेरे की वायरीचा संच? गावातल्या घरासाठी

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर हिंगणघाटची भाड्याची खोली सोडून गावातल्या जुन्या घरी आलो. संगणक गाडीत गाद्यांवर ठेवला, ही चूक. घरी लावला तर हार्ड डिस्क नुसती कट्‌कट्‌ करायची. नवा घेणं आलंच, म्हटलं त्याच खेपेत कॅमेऱ्यांचंही पाहून टाकू. समोरच्या खोलीत भाव वाढायची वाट पाहत कापूस भरलेला, मागे कोठ्यात बैलजोडी.

आधी वायफायचे चार घेतले. पुढच्या पावसाळ्यात डीव्हीआर (रेकॉर्डिंग डिस्कवर साठवणारं यंत्र) आणि वायरीचा संच बसवला. चित्रात मला तरी फारसा फरक दिसला नाही.

वायफायवाल्यांचं सुख खरं आहे. तासाभरात लागतात, घर बदललं की काढून पिशवीत टाकता येतात. नागपूरची बहीण कॅमेऱ्यातूनच आईशी बोलायची, आईला त्याचं भारी अप्रूप. यातले बहुतेक वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालतात आणि भिंतीपलीकडे 5 गिगाहर्ट्‌झपेक्षा तेच बरं पोचतं. तरी आमची मातीची भिंत दीड हात जाड. कोठ्यापर्यंत रेंज रडतखडतच जायची.

पण मला नडली ती लाइन. वायरलेस म्हटलं तरी वीज लागतेच. चार कॅमेरे, चार अडॅप्टर, चार कोपऱ्यांतले चार बोर्ड, आणि इन्व्हर्टरवर त्यातला एकच. लाइन गेली की तीन कॅमेरे आंधळे. आली की वेगळीच गंमत: राउटर उठायला दोन-तीन मिनिटं घेणार, तोवर कोठ्यावरचा कॅमेरा वायफाय शोधून थकलेला, लाल दिवा लावून बसलेला. मग शिडी, बॅटरी, चिखल, पिन काढून पुन्हा लावा. श्रावणातल्या एका रात्री हे तीनदा झालं. सकाळी शेजारचे काका म्हणतात, "काय बे, चोराच्या आधी तूच चढून राह्यला का रोज कोठ्यावर?"

वायरीच्या संचात सगळ्या कॅमेऱ्यांना एकाच डब्यातून 12 व्होल्ट जातात. तो डबा आणि डीव्हीआर, दोन पिना इन्व्हर्टरवर टाकल्या. आता लाइन गेल्याचं कॅमेऱ्यांना कळतही नाही. नेट बंद असलं तरी रेकॉर्डिंग चालूच.

खर्च जास्त आला, हे कबूल. भिंतींना भोकं पडली. वायरी पाइपातूनच न्या, उंदीर सोडत नाहीत. डीव्हीआर टिनाखाली ठेवू नका. डिस्कच्या बाबतीत मी कंजूषपणा केला: संगणकातली एक जुनी पडून होती, ती टाकली, ती मे महिन्यात गेली. चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली वेगळी डिस्क मिळते, तीच घ्या. 2 एमबीपीएसने (सेकंदाला 2 मेगाबिट) रेकॉर्डिंग ठेवलं तर एक कॅमेरा दिवसाला 21-22 जीबी खातो. चार असले तर 1 टीबीत अकराएक दिवस मावतात, मग जुनं पुसून नवं. तुमचा अंदाज सेटिंगप्रमाणे थोडा इकडेतिकडे होईल.

कोळ्यांपुढे मात्र दोन्ही सारखेच. रात्री कॅमेऱ्यापाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि जाळं हललं की हालचालीच्या इशाऱ्याने मोबाइल रात्रभर वाजतो. काठीला फडकं बांधून ठेवलंय.

कोणताही घ्या, पण जुना माल स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. एप्रिल 2025 पासून सीसीटीव्हीला सरकारमान्य सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे, दुकानात तेवढं विचारा.

खोली भाड्याची असेल किंवा तुमच्याकडे लाइन सहसा जात नसेल, तर वायफायचेही वाईट नाहीत. माझा एक अजून कापसाच्या खोलीत आहे, इन्व्हर्टरच्या बोर्डावर. बाकीचे तीन कपाटात पडलेत. भाचा वर्ध्याला खोली करून राहतो, त्याला देऊन टाकीन म्हणतो.