48 मार्करचा सेट आणि पावसातलं एक पान

अल्कोहोल मार्करचा (अल्कोहोलमधल्या शाईचे रंगवायचे पेन) 48 रंगांचा सेट घेऊन तीनेक महिने झाले, मुद्दामच लगेच लिहिलं नाही, कारण एखादा चेहरा नि दोन फुलं रंगवली की कुठलाही सेट भारीच वाटतो. खरी परीक्षा गेल्या आठवड्यात झाली. कॉमिकचं एक पान, ए3 वर, सहा पॅनल (चित्रांच्या चौकटी), रात्र, धो धो पाऊस, छत्र्यांची गर्दी आणि दुकानांच्या दिव्यांचा उजेड ओल्या रस्त्यावर पडलेला. स्क्रिप्टमध्ये "पाऊस, गर्दी" एवढं लिहायला काय जातंय, काढायला बसलं की कळतं (स्क्रिप्टही माझीच, त्यामुळे शिव्या घालायला दुसरं कोणी नाही).

आधी चांगलं सांगतो. ब्रश टीप खरंच मस्त आहे, दाबली की जाड, हलकी धरली की बारीक, आणि इतक्या वापरानंतरही फाटलेली नाही. चेहरे झकास झाले. फिकट रंग आधी मारायचा, तो ओला असतानाच सावलीचा गडद लावायचा आणि जोडावर परत फिकट फिरवायचा, सांधा दिसतच नाही. पहिले तीन पॅनल असे मजेत गेले.

चौथ्याला रडवलं. तो आडवा, पानभर रुंद, अख्खा ओला रस्ता. सेटमध्ये गुलाबी-जांभळेच नऊ आहेत आणि निळे मोजून चार, त्यातही दोन आकाशी, एक शाईसारखा आणि मग डायरेक्ट नेव्ही! ग्रे तीन. अहो, रात्रीचं पान म्हणजे सगळा खेळच ग्रे नि निळ्याचा, मधला टोन नसेल तर रस्ता एकतर दुपारचा दिसतो नाहीतर डांबराची नुसती भिंत. मग ग्रेवर आकाशीचे हात चढवत बसलो, एकावर एक हात दिला की गडद होतं हे खरं, पण तिसऱ्या हाताला कागद भिजून जातो आणि रंग रेषेबाहेर पसरतो. माझ्या एका छत्रीला त्यामुळे निळी दाढी आलीये. रेषेच्या मिलिमीटरभर अलीकडेच थांबायचं, उरलेलं रंग आपणहून भरतो, हे मला छत्री गेल्यावर आठवलं.

त्यात नेव्ही अर्ध्या आकाशात संपला. मोठा भाग भरताना कड ओली असेपर्यंतच पुढे सरकावं लागतं, थांबलं की पट्टा पडतो, तर तो पडलाच, आणि या सेटला रिफिल मिळत नाही.

सोबत फुकट दिलेला काळा पेन तर वापरूच नका. त्याच्या आऊटलाइनवरून पिवळा फिरवला आणि दिव्याचा उजेड काळपट झाला. आपला पिगमेंट शाईचा (मार्कर फिरवला तरी न विरघळणारा) पेन घ्या, नीट वाळू द्या, मग रंग. टोपणाच्या रंगावर पण विश्वास नको, कागदावर वेगळंच उतरतं, म्हणून पहिल्या दिवशीच सगळ्यांचे चौकोन त्याच कागदावर मारून ठेवा. आणि रंग पाठीमागे उतरतोच, खाली एक रद्दी कागद हवा, मी वहीतच रंगवत होतो, पुढच्या पानावरच्या पेन्सिल स्केचला गोवर आल्यासारखे ठिपके.

दिव्यांच्या चमकेसाठी कागद कोराच सोडावा लागतो, कारण मार्करवर फिकट करायची सोयच नाही, रंगहीन ब्लेंडर (रंग नसलेला, नुसत्या अल्कोहोलचा मार्कर) रंग पुसत नाही, नुसता बाजूला ढकलतो. पावसाच्या रेघा शेवटी पांढऱ्या जेल पेनने मारल्या, त्या मात्र छान बसल्या.

पाचपैकी तीन स्टार. पात्रं, कपडे, दिवसाचे सीन असतील तर डोळे झाकून घ्या. रात्र रंगवायची असेल तर डब्यावरचा 48 चा आकडा बघू नका, आत ग्रे किती ते मोजा. मी ग्रेचे पाच सुटे मागवलेत, ते आले की चौथा पॅनल वेगळ्या कागदावर काढून वरून चिकटवणार, छत्रीची दाढी तेवढी त्याखाली जाईल.